मदत, व्यापार आणि शब्दाची किंमत : पर्गाऊ धरण प्रकरणाच्या आधारे ब्रिटन-मलेशिया संबंधांची चिकित्सा

सारांश

दोन देशांमधील संबंधांचा अभ्यास करताना राजनय, व्यापार आणि विकासमदत हे तीन स्वतंत्र विषय मानण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात हे तिन्ही व्यवहार परस्परांत मिसळतात. ब्रिटनने मलेशियातील पर्गाऊ जलविद्युत प्रकल्पाला दिलेली मदत हे त्याचे ठळक उदाहरण होय. ‘शस्त्रांच्या बदल्यात मदत’ असे या प्रकरणाचे सर्वसाधारण वर्णन केले जाते आणि न्यायालयाने हा सौदा बेकायदेशीर ठरवला असे मानले जाते. प्रस्तुत लेखात या प्रचलित समजाची तपासणी केली आहे. न्यायालयाने शस्त्रव्यवहारावर निर्णय दिला नाही, तर ‘विकास’ या शब्दाच्या अर्थावर दिला. तसेच या प्रकरणाचे मूळ सौद्याइतकेच सर्वोच्च पातळीवर दिल्या गेलेल्या तोंडी वचनात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : बद्ध मदत, निर्यात कर्ज, विकास, लेखापरीक्षण, न्यायालयीन पुनर्विलोकन.

प्रस्तावना

विकासमदतीविषयीच्या चर्चेत दोन टोकाच्या भूमिका नेहमी आढळतात. एका भूमिकेनुसार मदत ही संपन्न राष्ट्राने गरीब राष्ट्राप्रती दाखवलेली सदिच्छा असते. दुसऱ्या भूमिकेनुसार ती जुन्या साम्राज्याने नव्या वेशात चालवलेली पिळवणूक असते. पर्गाऊ प्रकरण या दोन्ही चौकटींत बसत नाही. येथे मदत देणारा देश घेणाऱ्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक गरजू होता. घेणारा देश दुबळा नव्हता आणि वाटाघाटीत तो वरचढ ठरला. तरीही शेवटी व्यवहाराचा भार ज्यांच्यावर पडला त्या मलेशियातील वीजग्राहकांना आणि ब्रिटनमधील करदात्यांना या वाटाघाटीत स्थान नव्हते.

हे प्रकरण आता तीस वर्षांहून जुने आहे. तथापि मदत, व्यापार व संरक्षण यांच्या सीमारेषा आज पुन्हा पुसट होत आहेत आणि भारतासारखे देश स्वतः कर्जसाहाय्य देणारे बनले आहेत. अशा काळात या प्रकरणाचे पुनर्वाचन अगत्याचे ठरते.

वसाहतीनंतरचे संबंध आणि त्यांतील ताण

३१ ऑगस्ट १९५७ रोजी मलाया स्वतंत्र झाला. १९६३ मध्ये मलेशियाचे संघराज्य अस्तित्वात आले. इंडोनेशियाबरोबरच्या संघर्षात ब्रिटिश सैन्य मलेशियाच्या बाजूने उभे राहिले आणि १९७१ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया व सिंगापूर यांच्यात पंचराष्ट्रीय संरक्षण व्यवस्था झाली. रबर व पामतेलाचे मोठे मळे स्वातंत्र्यानंतरही बराच काळ लंडनस्थित कंपन्यांच्या मालकीचे राहिले. राजकीय सत्ता क्वालालंपूरला आली, परंतु मळ्यांचे समभाग लंडनच्या बाजारातच राहिले, असे या काळाचे वर्णन करता येईल.

हा समतोल १९८० च्या दशकाच्या आरंभी बिघडला. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावरील सवलत काढून घेतली. ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने शिकणाऱ्या मलेशियन विद्यार्थ्यांना त्याची झळ बसली. जुलै १९८१ मध्ये महातिर मोहम्मद पंतप्रधान झाले. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला मलेशियाच्या शासकीय गुंतवणूक संस्थेने लंडनच्या समभाग बाजारात काही तासांच्या आत गथ्री या मळेकंपनीवर नियंत्रण मिळवले. त्यानंतर बाजाराच्या नियमांत बदल करण्यात आले आणि मलेशियात हा बदल आपल्याविरुद्ध असल्याची भावना निर्माण झाली. ऑक्टोबर १९८१ मध्ये महातिर यांनी ‘ब्रिटिश माल सर्वांत शेवटी’ हे धोरण जाहीर केले. शासकीय खरेदीत ब्रिटिश निविदा स्वीकारायची असल्यास ती पंतप्रधान कार्यालयाकडे पाठवणे बंधनकारक झाले. सोबतच जपान व दक्षिण कोरिया यांचा आदर्श समोर ठेवणारे ‘पूर्वेकडे पाहा’ हे धोरण आले.

१९८३ मध्ये थॅचर-महातिर भेटीनंतर हे धोरण मागे घेण्यात आले. १९८५ मध्ये थॅचर यांनी मलेशियाला भेट दिली. या घटनाक्रमाचा अर्थ महत्त्वाचा आहे. खरेदी नाकारण्याची शक्ती हे आपल्या हातातील प्रभावी राजनैतिक साधन आहे, हे मलेशियाला उमगले. मलेशियाची बाजारपेठ गमावणे आपल्याला परवडणारे नाही, हे ब्रिटनलाही कळून चुकले. पुढील सर्व व्यवहार या परस्परजाणिवेच्या पायावर उभा आहे.

मदत-व्यापार तरतूद : एका संज्ञेतील दोन हेतू

ब्रिटनमध्ये १९७७ साली मजूर पक्षाच्या सरकारने ‘मदत आणि व्यापार तरतूद’ सुरू केली. मदतीच्या अंदाजपत्रकातील काही भाग ब्रिटिश कंपन्यांना परदेशातील कंत्राटे मिळवून देण्यासाठी वापरावा, मात्र प्रकल्प विकासाच्या दृष्टीनेही योग्य असावा, अशी ही योजना होती. फ्रान्स, जपान आदी देश आपल्या कंपन्यांना अशाच प्रकारे साहाय्य करतात, तेव्हा ब्रिटनने मागे राहू नये, हे तिचे समर्थन होते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला बद्ध मदत म्हणतात. देणारा देश पैसा देतो, परंतु त्या पैशाने खरेदी त्याच्याच देशातून करावी लागते. स्पर्धा मर्यादित झाल्याने वस्तू वा सेवा महाग पडते आणि मदतीचे प्रत्यक्ष मूल्य कागदावरील रकमेपेक्षा कमी होते. अनुदानाचा एक भाग अशा रीतीने देणाऱ्या देशातील उत्पादकाकडे परत जातो.

याचा अनुभव भारतालाही आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास ब्रिटनने सुमारे ६ कोटी ५० लक्ष पौंडांच्या मदतीतून २१ वेस्टलँड हेलिकॉप्टरे भारताला दिली. ती पवनहंस या सार्वजनिक कंपनीकडे आली. मुंबईजवळच्या समुद्रातील तेलक्षेत्रांशी वाहतूक करणे हे या कंपनीच्या स्थापनेमागील एक प्रमुख प्रयोजन होते. अपघात व तांत्रिक अडचणींनंतर १९९१ मध्ये ही हेलिकॉप्टरे सेवेतून काढण्यात आली आणि पुढे मूळ किमतीच्या अगदी क्षुल्लक अंशाला विकली गेली. त्या काळी वेस्टलँड कंपनी आर्थिक संकटात होती. भारताची गरज व वेस्टलँडची गरज यांपैकी कोणती गरज या मदतीने भागवली, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. पर्गाऊ हे त्यामुळे एकाकी उदाहरण नाही. त्याच धोरणाचे ते सर्वांत मोठे आणि सर्वांत तपशीलवार नोंदले गेलेले रूप आहे.

मसुदा, दोन पत्रे आणि एक तोंडी वचन

मार्च १९८८ मध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री जॉर्ज यंगर यांनी क्वालालंपूर येथे शस्त्रविक्रीसंबंधीच्या एका मसुद्यावर स्वाक्षरी केली. या मसुद्यात शस्त्रखरेदीच्या मूल्याच्या प्रमाणात मदतीचा उल्लेख होता व हे प्रमाण २० टक्के इतके होते. मदत आणि शस्त्रविक्री यांचा संबंध जोडू नये हे ब्रिटिश सरकारचे घोषित धोरण असल्याने लंडनमध्ये याविषयी चिंता उत्पन्न झाली. जून १९८८ मध्ये यंगर यांनी मलेशियाला पत्राने कळवले की, मदत व शस्त्रविक्री यांची सांगड घालता येणार नाही. त्याच सुमारास ब्रिटिश उच्चायुक्तांनी वेगळ्या पत्राने नागरी प्रकल्पांसाठी २० कोटी पौंडांपर्यंतच्या साहाय्याची तयारी कळवली. अपेक्षित शस्त्रखरेदी सुमारे १०० कोटी पौंडांची होती आणि २० कोटी हे तिचे बरोबर २० टक्के होतात. अशा रीतीने कागदावर संबंध तोडला गेला, पण आकडा तोच राहिला. सप्टेंबर १९८८ मध्ये थॅचर व महातिर यांनी संरक्षण खरेदीविषयक सामंजस्य करारावर स्वाक्षऱ्या केल्या. पुढे मलेशियाने २८ हॉक विमाने आणि ग्लासगो येथील यॅरो गोदीत बांधलेल्या दोन युद्धनौका घेतल्या.

पर्गाऊ प्रकल्प याच काळात पुढे आला. थायलंडच्या सीमेलगतच्या केलांतान राज्यात पर्गाऊ नदीवर ६०० मेगावॅट क्षमतेचे विद्युतगृह उभारावयाचे होते. बाल्फोर बीटी व सिमेंटेशन या ब्रिटिश कंपन्यांच्या गटाने नोव्हेंबर १९८८ मध्ये सुमारे ३१ कोटी ६० लक्ष पौंड खर्चाचा प्रस्ताव दिला. मार्च १९८९ मध्ये सागरपार विकास प्रशासनाने प्रकल्पाची प्राथमिक पाहणी केली. त्याच महिन्यात थॅचर यांनी महातिर यांना ६ कोटी ८२ लक्ष ५० हजार पौंडांपर्यंतच्या मदतीची तोंडी तयारी दर्शवली. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांत कंपन्यांनी खर्चाचा अंदाज ३९ कोटी ७० लक्ष पौंडांवर नेला. अंतिम करार ४१ कोटी ७० लक्ष पौंडांचा झाला.

घटनांचा क्रम येथे निर्णायक आहे. सामान्य शासकीय रीत अशी की, आधी प्रकल्पाची छाननी होते, मग खर्च निश्चित होतो आणि त्यानंतर मदतीचा निर्णय होतो. पर्गाऊच्या बाबतीत आधी वचन दिले गेले, नंतर खर्च वाढला आणि सखोल छाननी सर्वांत शेवटी झाली. ज्या प्रस्तावावर वचन आधारलेले होते तो बदलला, तरी वचन मात्र कायम राहिले. बदललेल्या किमतीमुळे आधीचा शब्द लागू होत नाही असे म्हणण्याची संधी ब्रिटनला होती. ती घेतली गेली नाही, कारण मागे सरकल्यास शस्त्रखरेदी व अन्य कंत्राटे धोक्यात येतील ही भीती होती. तोंडी वचनाचे असे रूपांतर पाहिले म्हणजे ‘सौदा’ हा शब्द या प्रकरणाला अपुरा का पडतो ते लक्षात येते. सौद्यात दोन्ही बाजूंना घासाघीस करता येते. येथे मात्र एका बाजूने आपला शब्दच आपल्या हातापायांतील बेडी करून घेतला.

मूल्यमापनाचा निष्कर्ष आणि सचिवांचा आक्षेप

१९९० मधील सविस्तर मूल्यमापनात सागरपार विकास प्रशासनाच्या अर्थतज्ज्ञांनी प्रकल्प आर्थिकदृष्ट्या अयोग्य ठरवला. मलेशियाकडे नैसर्गिक वायूचे स्वतःचे साठे होते. वायूवर चालणाऱ्या जनित्रांच्या तुलनेत पर्गाऊमुळे मलेशियन ग्राहकांवर प्रकल्पाच्या आयुष्यात १० कोटी पौंडांहून अधिक जादा भार पडेल, असा हिशेब मांडण्यात आला. प्रकल्प उभारायचाच असेल तर तो बरीच वर्षे लांबणीवर टाकावा, असे मत व्यक्त झाले.

फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रशासनाचे स्थायी सचिव टिम लँकेस्टर यांनी आपला आक्षेप लेखी नोंदवला. ब्रिटिश पद्धतीत स्थायी सचिव हा खात्याच्या खर्चाबाबत संसदेला उत्तरदायी असतो. एखादा खर्च त्याला असमर्थनीय वाटल्यास तो मंत्र्याकडून लेखी आदेश मागू शकतो. लँकेस्टर यांनी तसा आदेश मागितला. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी तो दिला. पंतप्रधान जॉन मेजर यांचीही त्याला संमती होती. पूर्वसूरींनी दिलेला शब्द मोडल्यास ब्रिटनच्या विश्वासार्हतेला धक्का बसेल, हा निर्णयामागील मुख्य युक्तिवाद होता. जुलै १९९१ मध्ये वित्तीय करार झाला. निर्यात कर्जावरील व्याजाचा भार मदतनिधीने उचलायचा होता आणि त्याची एकूण रक्कम १४ वर्षांत २३ कोटी ४० लक्ष पौंड होणार होती. ब्रिटिश मदतनिधीतून एकाच प्रकल्पासाठी दिलेली तोपर्यंतची ही सर्वांत मोठी रक्कम होती आणि ती तुलनेने संपन्न अशा मध्यम उत्पन्नाच्या देशाकडे जात होती.

आपल्याकडे प्रशासकीय कारभाराच्या अभ्यासात लेखी टिपणाची अनेकदा ‘कागदी घोडे’ म्हणून थट्टा होते. येथे मात्र त्या एका टिपणानेच पुढील सर्व चौकशीचे दार उघडले. आक्षेप तोंडी राहिला असता तर १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाला आपला अहवाल इतक्या ठोसपणे लिहिता आला असता की नाही, याची शंका आहे. त्या अहवालानंतर १९९४ मध्ये लोकलेखा समिती व परराष्ट्र व्यवहार समिती यांच्यापुढे सुनावण्या झाल्या आणि शस्त्रांशी असलेला संबंध उघड झाला.

चौकशीची राजनैतिक किंमतही ब्रिटनला मोजावी लागली. ब्रिटिश वृत्तपत्रांनी मलेशियन नेतृत्वाविषयी छापलेल्या मजकुरामुळे संतप्त होऊन फेब्रुवारी १९९४ मध्ये मलेशियाने ब्रिटिश कंपन्यांना शासकीय कंत्राटे देणे बंद केले. ही बंदी सप्टेंबर १९९४ मध्ये उठली. जे संबंध जपण्यासाठी तज्ज्ञांचा सल्ला डावलला गेला, ते संबंध त्याच निर्णयाच्या परिणामी ताणले गेले. विश्वासार्हतेचा युक्तिवाद घटनांनीच असा खोडून काढला.

न्यायालयाने नेमके काय ठरवले ?

वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट या स्वयंसेवी संघटनेने हर्ड यांच्या निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान दिले. १० नोव्हेंबर १९९४ रोजी न्यायमूर्ती रोज व न्यायमूर्ती स्कॉट बेकर यांनी हा निर्णय बेकायदेशीर ठरवला.

येथे प्रचलित समजाची दुरुस्ती करणे आवश्यक आहे. न्यायालयाने शस्त्रव्यवहार अवैध ठरवला नाही. त्याच्यापुढील प्रश्न १९८० च्या सागरपार विकास व सहकार्य कायद्याच्या पहिल्या कलमाचा होता. परदेशाच्या विकासाला चालना देणे, त्याची अर्थव्यवस्था सावरणे किंवा तेथील जनतेचे कल्याण साधणे या हेतूंसाठी मंत्र्याला मदत देता येते, असे ते कलम सांगते. कायद्यात विकास ‘भक्कम’ असावा असा शब्द नाही, हा सरकारचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. आर्थिकदृष्ट्या पूर्णतः निराधार प्रकल्पाला विकास म्हणता येणार नाही. विकासाचा हेतू मुळात उपस्थित असेल तर मंत्र्याने त्यासोबत राजकीय व व्यापारी बाबी विचारात घेण्यास हरकत नाही, परंतु तो हेतूच अनुपस्थित असेल तर इतर बाबींनी ती पोकळी भरून काढता येत नाही, असा निर्णयाचा आशय आहे. एखाद्या व्यक्तीचे प्रत्यक्ष नुकसान झालेले नसताना संघटनेला दाद मागण्याचा अधिकार मान्य करणे, हेही या निर्णयाचे वैशिष्ट्य ठरले. जनहित याचिकेच्या भारतीय परंपरेशी परिचित असलेल्यांना त्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

या निर्णयाचे सामर्थ्य व मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. ‘विकास’ हा शब्द सरकारला वाटेल तसा ताणता येत नाही, हे न्यायालयाने ठामपणे सांगितले. मात्र या निकषानुसार प्रकल्प आर्थिकदृष्ट्या थोडासा जरी समर्थनीय असता, तर शस्त्रांशी जोडलेली तीच मदत कायद्याच्या कसोटीस उतरली असती. म्हणजेच सांगड घालणे हा दोष ठरला नाही, सांगडीसाठी निवडलेला प्रकल्प वाईट होता हा दोष ठरला. नैतिकदृष्ट्या अस्वस्थ करणारी ही बाब बहुतेक विवेचनांतून निसटते.

दुसरी मर्यादा उपायाविषयीची आहे. निर्णयानंतर सरकारने पर्गाऊची रक्कम मदतनिधीऐवजी कोषागाराच्या राखीव निधीतून देण्याचे ठरवले. त्यामुळे मदतनिधीतील पैसा अन्य गरीब देशांसाठी मोकळा झाला, हा लाभ लहान नव्हे. परंतु मलेशियाला दिलेले वचन पूर्ण झाले, कंपन्यांचे कंत्राट कायम राहिले आणि धरणही पुरे झाले. ज्या ग्राहकांवरील जादा भार हा प्रकल्प अयोग्य ठरण्याचा मुख्य आधार होता, त्यांच्या वाट्याला या निर्णयातून काहीच आले नाही. ब्रिटिश कायद्याने ब्रिटिश अंदाजपत्रकातील एका शीर्षाचे पावित्र्य राखले. ज्या जनतेच्या कल्याणाचे नाव त्या कायद्यात आहे ती जनता न्यायालयात पक्षकार नव्हती आणि तिला तसे होण्याचा मार्गही नव्हता.

मलेशियाची बाजू

पर्गाऊविषयीचे बहुतेक लेखन ब्रिटिश कागदपत्रांवर आधारलेले असल्याने मलेशियाची भूमिका त्यात पुसट राहते. ती विचारात घेतल्याशिवाय चिकित्सा पूर्ण होणार नाही. १९८१ मध्ये मलेशियाने तेल, जलशक्ती, वायू व कोळसा या चार इंधनांवर ऊर्जाव्यवस्था विभागण्याचे धोरण स्वीकारले होते. एकाच इंधनावर अवलंबून राहू नये, हा त्याचा हेतू होता. जलविद्युत केंद्र काही मिनिटांत सुरू करता येते, त्यामुळे सर्वाधिक मागणीच्या वेळी ते उपयोगी पडते. १९९२ मध्ये मलेशियाच्या द्वीपकल्पीय भागात वीजपुरवठा मोठ्या प्रमाणावर खंडित झाला, तेव्हा राखीव क्षमतेचे महत्त्व अधोरेखित झाले. शिवाय स्वतंत्र देशाच्या निवडून आलेल्या सरकारने कोणता प्रकल्प उभारावा हे लंडनमधील अर्थतज्ज्ञांनी का ठरवावे, हा प्रश्न वसाहतीचा अनुभव घेतलेल्या कोणत्याही समाजाला रास्त वाटेल.

या युक्तिवादात तथ्य आहे, पण त्याची व्याप्ती मर्यादित आहे. सार्वभौमत्वाने मलेशियाला धरण बांधण्याचा अधिकार निःसंशय दिला. परंतु गरिबांच्या विकासासाठी राखलेल्या परक्या निधीतून ते बांधून घेण्याचा हक्क सार्वभौमत्वातून निघत नाही. तसेच मलेशियन सरकारला हा प्रकल्प स्वस्त वाटला तो अनुदानामुळे. व्याजाचा भार दुसरा कोणी उचलणार असेल तर महाग पर्यायही सोयीचा वाटू लागतो. बद्ध मदत निर्णय लादत नाही, निर्णयाची तुलनाच बिघडवते. पिळवणुकीच्या सिद्धान्ताला हा सूक्ष्म परिणाम दिसत नाही, कारण त्यात घेणारा नेहमी अगतिक मानलेला असतो. सदिच्छेच्या सिद्धान्तालाही तो दिसत नाही, कारण त्यात देणारा नेहमी निरिच्छ मानलेला असतो.

प्रकरणानंतरचा काळ

१९९७ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने आंतरराष्ट्रीय विकासासाठी स्वतंत्र खाते निर्माण केले आणि मदत-व्यापार तरतूद बंद केली. एप्रिल २००१ पासून ब्रिटिश मदत खरेदीच्या बंधनातून मुक्त करण्यात आली. २००२ च्या कायद्याने गरिबी कमी करणे हा मदतीचा हेतू स्पष्टपणे नमूद केला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सदस्यांनीही १९९२ पासून व्यापारी तत्त्वावर उभ्या राहू शकणाऱ्या प्रकल्पांना बद्ध मदत देण्यावर निर्बंध घातले. लँकेस्टर यांनी २०१३ मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

या सुधारणा टिकाऊ ठरल्या काय, याचे उत्तर संमिश्र आहे. सप्टेंबर २०२० मध्ये स्वतंत्र विकास खाते परराष्ट्र खात्यात विलीन झाले. मदतीचे प्रमाण २०२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने संरक्षण खर्च वाढवण्यासाठी ते २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांपर्यंत कमी करण्याची घोषणा केली. पर्गाऊच्या वेळी मदत आणि संरक्षण यांचा संबंध दोन पत्रांच्या आड दडवावा लागला होता. आता मदतीतील पैसा संरक्षणाकडे वळवल्याचे संसदेत उघडपणे सांगितले गेले. या उघडपणाचे श्रेय द्यावे लागेल, परंतु प्राधान्यक्रमात गरीब देशांचे स्थान कोठे गेले हेही त्यातून दिसते.

भारताच्या दृष्टीने हा विषय आता केवळ मदत घेणाऱ्याचा उरलेला नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय निर्यात-आयात बँकेमार्फत भारत सरकार आफ्रिका व आशियातील देशांना सवलतीचे कर्जसाहाय्य देते. या योजनेत सर्वसाधारणपणे ७५ टक्के वस्तू व सेवा भारतातून घेण्याची अट असते. अर्थशास्त्रीय व्याख्येनुसार हीदेखील बद्ध मदतच होय. दक्षिणेकडील देशांमधील परस्परसहकार्य असे तिला म्हटल्याने तिच्यातील जोखीम नाहीशी होत नाही. दुसरीकडे, व्हिएतनामला गस्तीनौकांसाठी दिलेले १० कोटी डॉलरचे कर्ज भारताने २०१४ पासून उघडपणे संरक्षण कर्ज म्हणूनच जाहीर केले आणि २०२२ मध्ये त्यातील १२ नौका सुपूर्द झाल्या. शस्त्रकर्जाला शस्त्रकर्ज म्हणणे हा पर्गाऊच्या तुलनेत अधिक प्रामाणिक मार्ग आहे. मात्र नागरी प्रकल्पांच्या कर्जांबाबत आर्थिक छाननीचे निष्कर्ष संसदेपुढे व ऋणको देशातील नागरिकांपुढे कितपत येतात, हा प्रश्न भारतालाही विचारावा लागेल.

समारोप

पर्गाऊ प्रकरणातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मदत व शस्त्रविक्री यांची सांगड न्यायालयाने मोडली ही समजूत खरी नाही. न्यायालयाने फक्त ‘विकास’ या शब्दाचे किमान अर्थमूल्य राखले. दुसरा असा की, आंतरराष्ट्रीय संबंधांत दिलेला शब्द पाळणे हे मूल्य असले, तरी छाननीपूर्वी दिलेला शब्द ही जबाबदारी टाळण्याची सोय बनू शकते. राष्ट्राची विश्वासार्हता वचन देण्याच्या तत्परतेवर नव्हे, तर वचन देण्यापूर्वीच्या हिशेबावर अवलंबून असावी. तिसरा निष्कर्ष अधिक मूलगामी आहे. दोन सरकारांमधील व्यवहाराचे परीक्षण देणाऱ्या देशाच्या लेखापरीक्षकांनी, संसदेने व न्यायालयाने केले. घेणाऱ्या देशातील ग्राहकासाठी असे कोणतेही व्यासपीठ नव्हते आणि आजही अनेक देशांत ते नाही.

विकासमदतीच्या मूल्यमापनात प्रकल्पाचा खर्च, क्षमता व परतावा यांचे तक्ते असतात. अंतिम देयक कोणाच्या नावे निघणार आणि त्या व्यक्तीला नकार देण्याचा अधिकार होता का, असा एक रकाना त्यांत सहसा नसतो. पर्गाऊच्या कागदपत्रांत १० कोटी पौंडांच्या जादा भाराचा हिशेब होता. तो भार सोसणाऱ्यांचे मत मात्र त्यांत कोठेही नव्हते. दूरस्थ देशांमधील संबंधांची चिकित्सा करणाऱ्यांनी या रिकाम्या रकान्यापासून आरंभ करणे उचित ठरेल.